पार्सल पोचलं, पण चकली पोचली का?

नवरात्र संपलं की गल्लीगल्लीतून भाजणीचा वास यायला लागतो. पूर्वी हा वास घरापुरता आणि फार तर शेजारच्या चार ताटांपुरता असायचा. आता तालुक्याच्या गावातली एखादी वहिनी दिवाळीच्या तोंडावर वीस-पंचवीस किलो चकल्या तळते. त्या पुण्याला जातात, बंगळुरूला जातात, कुणाच्या लेकीसाठी न्यू जर्सीला तर कुणाच्या नातवासाठी मेलबर्नला जातात. बचत गटातल्या बायका मसाले, पापड, कुरडया पाठवतात. घरात बसून चार पैसे मिळवायचा हा मार्ग आता बऱ्याच जणींना जमला आहे.

जमत नाही ते पॅकिंग. माझ्या ओळखीच्या एक काकू आहेत. हाताला इतकी चव की त्यांच्या चकलीचं नाव काढलं तरी तोंडाला पाणी सुटावं. त्यांनी एका दिवाळीत आठ किलोची ऑर्डर पाठवली. चार दिवसांनी फोनवर फोटो आला. पिशवीत चकली कमी आणि चुरा जास्त! वर ‘चव छान होती हो काकू, पण...’ असा निरोप. त्या ‘पण’साठी काकूंना निम्मे पैसे परत द्यावे लागले. भाजणी, तेल, गॅस, तीन दिवसांचं उभं राहणं, सगळं त्या एका खोक्यात गेलं. काकू म्हणतात, ‘कुरिअरवाल्यानं आपटलं.’ आपटलं असेलच. पण मैत्रिणींनो, पार्सल आपटलं जाणारच असं धरूनच ते बांधायचं असतं. दहा हातांतून जाणाऱ्या खोक्याला कुणी बाळासारखं उचलत नाही.

दुकानात गेलं की आपण आधी विचारतो, ‘चांगली पिशवी कुठली?’ इथेच गाडी अडते. सगळ्याच मालाला चांगली अशी पिशवी नसते. आधी आपल्या मालाचा शत्रू कोण ते ठरवायला हवं. चकलीला दोन शत्रू आहेत, धक्का आणि ओल. चिवड्याला धक्क्याचं काही नाही, पण त्यातलं तेल हवा आणि उजेड लागून खवट होतं. लाडवाला उष्णता नको, बेसनाचा असेल तर तो बसतो आणि सगळ्यांचा मिळून एकच लाडू होतो. मसाल्याचा वास उडून जायला नको, आणि शेजारच्या शंकरपाळ्याला तो लागायलाही नको. पापडाला वाकणं नको. लोणच्याचा शत्रू कोण विचाराल, तर लोणचं स्वतःच! तेल गळलं की ते बाकीच्या सगळ्यांना बुडवतं. ओल्या नारळाचं काही मात्र पाठवायच्या भानगडीतच पडू नका. पॅकिंग कितीही भारी असलं तरी ओला नारळ आतूनच खराब होतो. करंजी पाठवायचीच तर सुक्या खोबऱ्याची.

एकदा शत्रू कळला की पिशवी निवडणं सोपं. बाजारात मिळते ती साधी पारदर्शक पिशवी पाणी बऱ्यापैकी अडवते, पण हवा आणि वास अडवत नाही. हिंगाची साधी पिशवी कपाटात ठेवून बघा, दोन दिवसांत कपाट सांगेल. म्हणून पंधरा दिवस टिकवायच्या तळणीला ही पिशवी पुरी पडत नाही. त्यासाठी थरांची पिशवी लागते. बाहेरचा थर मजबुतीचा आणि छपाईचा, मधे चांदीसारखा चकचकीत थर हवा आणि उजेड अडवणारा, आणि आतला थर गरम केल्यावर वितळून चिकटणारा. वेफर्सची पाकिटं आतून चंदेरी असतात ती शोभेसाठी नव्हे. (आणि त्यात भरलेली हवा ही आपली नेहमीची हवा नसते, नायट्रोजन असतो. त्यानं तेल खवट होत नाही, शिवाय वेफर्सना उशीही मिळते.)

जाडी विचारताना दुकानदार कधी ‘मायक्रॉन’ म्हणतो, कधी ‘गेज’. गोंधळून जाऊ नका. १०० गेज म्हणजे साधारण २५ मायक्रॉन. त्यामुळे ‘२०० गेजची आहे ताई, एकदम जाड’ असं कुणी म्हणालं, तर ती ५० मायक्रॉनची पिशवी आहे हे मनात धरायचं. आणि नुसती जाडी बघून भुलायचं नाही. जाड साध्या पिशवीपेक्षा पातळ पण चंदेरी थराची पिशवी हवा जास्त अडवते. तपकिरी कागदी पिशव्यांची हल्ली फॅशन आहे. दिसतात झकास, पण त्यांच्या आत अस्तर कसलं आहे ते फाडून बघा. नुसता कागद असेल तर दुसऱ्या दिवशी तेलाचा डाग बाहेर येऊन तुमच्या मालाची जाहिरात करतो, नको ती!

गिऱ्हाइकाला माल दिसला पाहिजे म्हणून काही जणी पारदर्शकच पिशवी घेतात. त्यांचंही बरोबर आहे, नव्या गिऱ्हाइकाला चकलीचा रंग बघायचा असतो. दुकानात आठवडाभरात खपणार असेल तर चालेल. लांब पाठवायच्या मालाला मात्र मी तरी बंद पिशवीच घेईन आणि वर फोटो चिकटवीन.

पिशवी चांगली आणि तोंड मात्र मेणबत्तीवर चिकटवलेलं, हा प्रकार अजून खूप घरांत चालतो. हॅक्सॉ ब्लेड धरायचं, ज्योतीवर पिशवीची कड फिरवायची. हात सराईत असला तरी कुठेतरी भोक राहतंच. हजार-दोन हजारांत हातानं दाबायचं सीलिंग मशीन मिळतं, एका दिवाळीत वसूल होतं. गटानं मिळून एक घेतलं तरी चालेल. सील करण्याआधी पिशवीचं तोंड आतून कोरडं पुसा. चिवड्याचा तेलकट हात किंवा मसाल्याची पूड तिथे लागली असेल तर चिकटलेलं दिसतं पण चिकटलेलं नसतं. मसाला भरताना नरसाळं वापरा म्हणजे तोंड स्वच्छ राहतं. दर वीस-पंचवीस पिशव्यांमागे एक परातीतल्या पाण्याखाली धरून हलकेच दाबा. बुडबुडा आला तर सील कच्चं.

आणखी एक, घाई नको. कढईतून काढलेली चकली कोमट असताना पिशवीत गेली की तिची वाफ आतच पाणी होते आणि चकली सादळते. मग पिशवीला दोष! पूर्ण गार होऊ द्या, पण रात्रभर उघडीही ठेवू नका. पावसाळी हवेत उघडी चकली ओल ओढून घेते. गार झाली की लगेच डब्यात, डब्यातून पिशवीत.

ओल शोषणाऱ्या छोट्या पुड्या आता सहज मिळतात. नव्या बुटांच्या खोक्यात असतात तशा, सिलिका जेलच्या. चकली-शेवेत त्यांचा उपयोग होतो, पण खाण्याच्या पदार्थांसाठीच्या म्हणून मिळतात त्याच घ्या, बुटातल्या काढून वापरू नका. पुडीवर ‘खाऊ नये’ हे मराठीत ठळक लिहिलेलं असू द्या. घरातली म्हातारी माणसं ती मिठाची पुडी समजून फोडतात, हसण्यावारी नेऊ नका. दुसऱ्या पुड्या हवेतला ऑक्सिजन शोषतात. त्यात लोखंडाची पूड असते, ती गंजते आणि गंजताना ऑक्सिजन संपवते. खवटपणा टाळायला नामी, पण हवा अडवणाऱ्या पिशवीतच. साध्या पिशवीत टाकली तर ती बिचारी सगळ्या गावचा ऑक्सिजन शोषत बसते. आतली हवा काढून घेणारं व्हॅक्यूम पॅकिंग मसाल्याला उत्तम. चकलीला मात्र नको, पिशवीच तिला आवळून मोडते.

वर्तमानपत्राचं काय? फराळ वर्तमानपत्रात गुंडाळायची आपली जुनी सवय. पण छपाईची शाई तेलात उतरते. अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०१६ मध्ये याबद्दल इशारा दिला, २०१८ च्या पॅकेजिंग नियमांत तशी मनाईच केली आणि २०२३ मध्ये पुन्हा एकदा सगळ्यांना बजावलं. पदार्थाला लागून वर्तमानपत्र नको. बंद पिशव्यांच्या बाहेर, खोक्यातल्या पोकळ्या भरायला चुरगळून वापरा, तिथे ते कामाचं आहे.

आता खोकं. किराणा दुकानातून आणलेलं बिस्किटाचं खोकं फुकट मिळतं खरं. पण एकदा प्रवास केलेल्या पुठ्ठ्याच्या घड्या मऊ झालेल्या असतात, कोपरे दबलेले असतात. वजन ठेवलं की ते बसतं. आणि साबणाचं किंवा उदबत्तीचं खोकं तर मुळीच नको. तुपातल्या लाडवाला वास फार पटकन लागतो. एका मुलीनं आईला फोनवर विचारलं म्हणे, ‘आई, यंदा लाडवात मोगरा घातलास का?’

नवं खोकं घेताना ‘थ्री प्लाय की फाइव्ह प्लाय’ असं विचारतात. सरळ हिशेब आहे. दोन सपाट कागद आणि मधे एक लाटालाटांचा कागद, ते तीन थरांचं. लाटांचे दोन थर आले की पाच थरांचं. दोन-तीन किलोपर्यंत तीन थरांचं पुरतं. पाच किलोच्या वर किंवा परदेशी जाणाऱ्या मालाला पाच थरांचंच घ्यावं. कडेनं बघितलं तर आतल्या लाटा दिसतात. त्या उभ्या असल्या तर खांबांसारखं वजन पेलतात, आडव्या असल्या तर दबतात. म्हणून खोकं आडवं टाकून भरू नका, ज्या बाजूनं ते उभं राहायला केलंय तसंच भरा.

या लाटांच्या कागदाची गंमत अशी, की इंग्लंडमध्ये १८५६ मध्ये त्याचं पेटंट घेतलं गेलं ते पुरुषांच्या उंच टोप्यांना आतून अस्तर म्हणून! काचेच्या बाटल्या आणि दिव्यांच्या चिमण्या गुंडाळायला तो वापरायची कल्पना १८७१ मध्ये अमेरिकेत निघाली. फुग्यांच्या प्लास्टिकचंही तसंच. १९५७ मध्ये दोघे जण भिंतीला लावायचा नक्षीदार कागद करायला गेले आणि बबल रॅप झालं. पोरं ते फोडत बसतात, पण काचेच्या बरणीला त्याच्यासारखा सखा नाही.

आपल्याकडे हे सगळं नव्हतं तेव्हाही माल जातच होता. कोकणातून आंबा भाताच्या पेंढ्यात यायचा, अंडी भुश्यात राहायची. पोस्टाचं पार्सल मांजरपाटात दाभणानं शिवून वर लाखेचे ठिपके द्यायचे, ते शिवणं हा घरातला एक कार्यक्रमच असायचा. पेंढा अजूनही छान उशी देतो, पण ऑस्ट्रेलियासारख्या देशात पार्सलमध्ये पेंढा सापडला तर ते अडकतं, कारण त्यातून किडे आणि रोग येण्याची भीती. पोकळी भरायला कुणी चुरमुरे टाकतात. त्यांनाही किडे-मुंग्या येतात, टाकू नका. घरच्याच माणसाला पाठवत असाल तर सगळ्यात स्वस्त उशी म्हणजे त्याचेच कपडे. टॉवेल, गोधडी, स्वेटर, काही वाया जात नाही. फक्त फराळ आधी नीट सील केलेला हवा.

चकली पिशवीतच टाकून खोक्यात कोंबू नका. ताठ डब्यात, एकावर एक चळत लावून, मधे बटर पेपरची चकती ठेवा. मोहन थोडं कमी घातलेली चकली प्रवासाला जास्त टिकते, हे तर तुम्हाला मी सांगायला नको. लाडू कागदी वाटीत एकेक. पापडाच्या चळतीला वर-खाली पुठ्ठ्याच्या गोल चकत्या लावून मग पिशवी. लोणचं शक्यतो प्लास्टिकच्या बरणीत, काठोकाठ न भरता. झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा, वरून टेप, आणि ती बरणी वेगळ्या पिशवीत बंद करून मगच खोक्यात. विमानात हवेचा दाब कमी होतो तेव्हा पिशव्या फुगतात, गच्च भरलेल्या पिशवीचं सील तिथेच सुटतं. म्हणून पिशवीतही थोडी जागा राहू द्या, पण हवेनं टम्म फुगवू नका.

खोक्याच्या सगळ्या बाजूंनी दोनेक इंच उशी हवी, तळाला आणि वरसुद्धा. बंद करून हलवा. आतून आवाज आला तर काम संपलेलं नाही. मोठ्या कंपन्या खोकं बाजारात आणण्याआधी एक परीक्षा घेतात. साधारण अडीच फुटांवरून ते दहा वेळा पाडतात, एकदा कोपऱ्यावर, तीनदा कडांवर, आणि सहाही बाजूंवर एकेकदा. आपणही सीझनच्या सुरुवातीला एक खोकं भरून घरातल्या फरशीवर हा खेळ करावा. चुरा झाला तर मुलं आनंदानं संपवतील. गिऱ्हाइकाच्या घरी कळण्यापेक्षा आपल्या घरी कळलेलं स्वस्त.

बांधायला सुतळी नको, ती दुसऱ्या पार्सलमध्ये अडकते. दोन इंची तपकिरी टेप घ्या. मधल्या फटीवर एक पट्टी आणि दोन्ही टोकांच्या कडांवर एकेक, इंग्रजी ‘एच’ अक्षरासारखी, खालीही आणि वरही. पत्ता शाईपेनानं नको, पावसाचा थेंब पडला की पत्ता वाहून जातो. वर पारदर्शक टेप लावा आणि पत्त्याची एक चिठ्ठी खोक्याच्या आतही ठेवा.

इथपर्यंत सगळं जमलं तरी एका ठिकाणी बायका हमखास नुकसानीत जातात, ते म्हणजे वजन. बऱ्याच कुरिअर कंपन्या काट्यावरचं वजन आणि आकाराचं वजन यातलं जे जास्त त्याचे पैसे घेतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणायची आणि सहसा ५००० नं भागायची. ४० बाय ३० बाय ३० चं खोकं घेतलंत तर उत्तर येतं ७.२ किलो. आत तीन किलो चिवडा असला तरी पैसे ७.२ किलोचे! तेच ३० बाय २५ बाय २० च्या खोक्यात बसवलंत तर तीन किलो. त्या एका सवयीनं कितीतरी फायदा कुरिअरच्या खिशात जातो. आधी माल मांडा, मग त्याच्या मापाचं खोकं घ्या. भाग कितीनं करतात आणि आकाराचं वजन धरतात की नाही, हे बुकिंगच्या आधी विचारा.

आणि भाव सांगताना? भाजणी, तेल, गॅस, मजुरी (मजुरी धरत असाल तर!) एवढंच आपण धरतो. समजा, पिशवी सहा रुपये, ताठ डबा पंधरा, खोकं पंचवीस, टेप-उशी-लेबल दहा. झाले छप्पन्न. किलोमागे छप्पन्न रुपये आपण हसत हसत आपल्या पदरचे घालतो आणि वर ‘घरच्या घरीच तर करते’ म्हणतो. पॅकिंगचा खर्च वेगळ्या ओळीत लिहा, गिऱ्हाइकाला दाखवा. ‘साधं पॅकिंग’ आणि ‘प्रवासाचं पॅकिंग’ असे दोन भाव ठेवले तर लोक स्वतःहून दुसरा निवडतात, असा बऱ्याच जणींचा अनुभव आहे. विक्रीचा माल असेल तर अन्न सुरक्षेची नोंदणी करून तो नंबर, केल्याची तारीख, किती दिवसांत संपवायचं हे आणि शाकाहारीची हिरवी खूण लेबलवर हवी. घरगुती धंदा आहे म्हणून सूट नाही.

एकदम आणलेली खोकी कुठे ठेवता तेही बघा. पुठ्ठा हवेतली ओल पितो आणि त्याची ताकद निघून जाते. पावसाळा काढलेलं खोकं दिसायला नवं, पण दाबलं की बोट आत जातं. त्यात पुठ्ठा चिकटवायची खळ पिठाची असते, झुरळांना ती मेजवानीच. खोकी सपाट घडी करून, जमिनीपासून वर फळीवर, भिंतीपासून चार बोटं लांब, वरून प्लास्टिक घालून ठेवा. जिन्याखाली मुळीच नको. आणि एका सीझनला लागतील तेवढीच घ्या, स्वस्त मिळतात म्हणून तीन वर्षांची नकोत.

परदेशी पाठवणार असाल तर बांधण्याआधी चौकशी करा. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड दुधाच्या पदार्थांबाबत आणि बियांबाबत फार कडक आहेत. नियम बदलतातही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेनं छोट्या पार्सलांची करमाफी काढून घेतली, तेव्हा आपल्या पोस्टानं तिकडची पार्सलं घेणं थांबवलं आणि ते सुरू झालं ते १५ ऑक्टोबरला, दिवाळी आठवड्यावर आल्यावर. ऐनवेळी किती घरांत बांधलेली खोकी तशीच राहिली असतील! म्हणून पाच दिवसांत पोचतं म्हणाले तरी पॅकिंग वीस दिवसांच्या हिशेबानं करायचं. आतल्या वस्तूंची यादी इंग्रजीत वजनासकट तयार ठेवा. ‘होममेड स्नॅक्स’ एवढंच लिहून भागत नाही, चकली म्हणजे कशाची हे लिहावं लागतं.

काही मोठ्या पोस्ट ऑफिसांत पार्सल बांधून देण्याची सोय आहे, तिची चौकशी करून बघा. आणि परदेशी खोकं नेताना ते घरून शेवटपर्यंत चिकटवून नेऊ नका. काउंटरवर उघडून दाखवायला सांगतात आणि मग तिथे दातानं टेप तोडत बसावं लागतं. पर्समध्ये टेपचं रीळ आणि कात्री टाकूनच निघा.